हात उचलला की पाय जागा होतो
(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवी-आठवीत गणित शिकवलं. समोर बसलेल्या अनेकींना त्यांनी शिकवलं आहे. पाढे म्हणून घेण्याची त्यांची रीत तुम्हाला आठवत असेल: वर्गात उभं करायचं, एकेका पायरीला टाळी वाजवायला लावायची आणि मध्येच तेराच्या पाढ्यावरून सतराच्या पाढ्यावर न्यायचं. श्रावण लागला की याच बाई शाळा सुटल्यावर आम्हाला अंगणात थांबवून घ्यायच्या आणि झिम्मा, पिंगा, फुगड्या करून घ्यायच्या. त्यांची तेव्हा पन्नाशी उलटली होती. पदर खोचून त्या स्वतः ओळीत उभ्या राहायच्या. टाळी उशिरा पडली की पाय चुकतो, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. पुढे मी फिजिओथेरपी शिकले, तीस वर्षं त्यात काम केलं, आणि त्यातला बराच काळ पडलेल्या म्हाताऱ्या बायकांना पुन्हा उभं करण्यात गेला. या कामात बाईंच्या त्या वाक्याचा अर्थ मला उलगडत गेला. आज तोच तुमच्यापुढे मांडायचा आहे.

सुरुवात घरापासून करते. माझी आई वयाच्या 76 व्या वर्षी पहाटे बाथरूमला जाताना पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. घरी सोडताना गोळ्यांचा कागद मिळाला, वॉकर मिळाला, आणि ‘आता जपा, एकटं सोडू नका’ असं सांगण्यात आलं. गेलेला तोल परत कसा आणायचा, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते काम मी करणार होतेच. मला दुसरीच गोष्ट खात राहिली. आई पडण्याआधीच्या चार वर्षांत आम्ही घरच्या माणसांनी तिच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं होतं. दोरीवर कपडे वाळत घालू नकोस, मी घालते. फडताळावरचा डबा मी काढून देते. देवळात चालत कशाला, रिक्षा आहे ना. आई, तू आता बस. हे सगळं आम्ही प्रेमानं म्हणत होतो, मी तर सगळ्यांत जास्त. ती चार वर्षं बसली, आणि मग पडली.

तोल म्हणजे काय, हे थोडं शरीराच्या आत शिरून पाहू. उभं राहणं आपल्याला स्थिर वाटतं, पण उभं माणूस सतत किंचित झुलत असतं. मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो. डोळे सांगतात की भिंत सरळ आहे की कलली. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या सांगतात की डोकं वळलं, किती आणि कुठं. तिसरी खबर तळव्यांतून, घोट्यांतून, गुडघ्यांतून येते: भार कुठल्या पायावर आहे, जमीन मऊ आहे की टणक, टाच टेकली की चवडा. या तिन्हींचा मेळ घालून लहान मेंदू स्नायूंना क्षणोक्षणी हुकूम सोडतो. वय वाढतं तशा या तिन्ही वाटा मंदावतात. मोतीबिंदूनं डोळ्यांची खबर धूसर होते. मधुमेह जुना असेल तर तळव्यांची खबर बोथट होते. स्नायूंमधले चपळ धागे आधी झिजतात, म्हणून ठेच लागल्यावर पाऊल पुढे पडायला उशीर होतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. त्यामुळे भावाबरोबर बहीण पडली तर भावाला मुका मार लागतो आणि बहिणीचं मनगट किंवा खुबा मोडतो, असं आम्ही पुन्हापुन्हा पाहतो. यात झोपेच्या गोळ्या, अंधारी बाथरूम, सरकणारं पायपुसणं यांची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्ता अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो.

आता माझ्या विषयाचा गाभा. तोल पायांचा असतो, म्हणून व्यायामही पायांचा, असं बहुतेकांना वाटतं. 1967 साली मॉस्कोतल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट मोजून दाखवली. उभ्या माणसाला हात झटकन समोर उचलायला सांगितला. खांद्याचा स्नायू कामाला लागण्याआधीच मांडीच्या मागचे स्नायू जागे झालेले दिसले. असं का, तर हात पुढे गेला की शरीराचा भार पुढे ओढला जातो. तो ओढला जाणार हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तो आधीच पायांना सावध करतो. हाताला हुकूम नंतर, पायाला आधी. म्हातारपणी ही आगाऊ तयारी उशिरा आणि अपुरी होते. हात पुढे जातो, पाय बेसावध राहतात, आणि तोल गेल्यावर सावरायची धडपड सुरू होते. पण ही तयारी सरावानं परत लवकर येऊ लागते, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उभं राहून हात हलवणं हा पायांचा व्यायाम आहे. कपडे वाळत घालताना बाई काय करते? वर पाहते, चवड्यांवर उठते, एका हातात ओल्या चादरीचं वजन असतं, दुसरा हात दोरी खाली ओढतो, आणि हे करत ती बाजूला सरकत जाते. आम्ही आईकडून काढून घेतलं ते नेमकं हेच होतं. दवाखान्यात पैसे देऊन जे शिकावं लागतं, ते रोज सकाळी तिच्या अंगणात फुकट चाललं होतं.

चालतानाही हातांचं काम असतंच. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो, त्यामुळे पायांनी दिलेला पीळ वरच्या अंगात सुटतो. जिला पडण्याची भीती बसली आहे, तिचे हात आधी थिजतात. ती पिशवी छातीशी धरते, किंवा एका हातानं भिंत चाचपते. पावलं आखूड होतात, नजर जमिनीला खिळते. भीतीनं हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की तोल आणखी बिघडतो, आणि भीती खरी ठरते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका पडलेल्या नसतात; पडू, या धास्तीनं त्या घरात बसलेल्या असतात.

हरवलेला मेळ सरावानं परत येतो, हे आधुनिक वैद्यकाला कळलं ते एका रुग्णामुळे. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या हाइडेन गावात हाइन्रिख फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. मज्जारज्जूच्या आजारानं हातापायांचा मेळ गेलेला एक माणूस त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं. त्याला ते जमलं नाही. काही महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याला ते चांगलं जमत होतं. कसं, असं विचारल्यावर कळलं की त्याला ती परीक्षा वाटली होती, आणि परीक्षेत उतरायचं म्हणून त्यानं घरी रोज सराव केला होता. आजार तसाच होता, मेळ मात्र सुधारला होता. त्यातून फ्रेंकेल यांनी हातापायांच्या मोजून-मापून, डोळ्यांनी पाहत, अंक म्हणत करायच्या सावकाश हालचालींची पद्धत बसवली. आजही जगभर फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना फ्रेंकेलचे व्यायाम शिकवले जातात. बाईंना हे कळतं तर त्या खूश झाल्या असत्या; परीक्षेसाठी पाठांतर करणाऱ्या मुलावर त्यांचा जीव असायचा.

पण आजार नसलेल्या, नुसत्या वय झालेल्या बाईचं काय? न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी हे पाहिलं आणि 1997 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. 80 वर्षं आणि त्यापुढच्या 233 बायका त्यांनी घेतल्या, सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या. निम्म्यांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा जाऊन आली आणि तिनं पायांच्या ताकदीचे नि तोलाचे व्यायाम बसवून दिले. पुढे त्या बायकांनी ते आपले आपण केले, जोडीला चालणं. दुसऱ्या निम्म्यांचा नेहमीचा औषधोपचार चालू राहिला, त्यांच्याकडे नुसत्या गप्पांसाठी भेटी झाल्या. वर्षअखेर पडण्याचे प्रसंग मोजले. व्यायाम न करणाऱ्या गटात 152, करणाऱ्या गटात 88. ऐंशीच्या पुढच्या बायकांतला हा फरक आहे. ‘आता या वयात काय होणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला नि सुनेला मी हे दोन आकडे सांगते.

स्वीडनमधल्या उमेओ शहरातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. तेही 1997 चंच. वृद्धनिवासातल्या 58 जणांबरोबर चालत चालत संशोधकांनी बोलणं काढलं. त्यातले 12 जण उत्तर द्यायला थांबले. चालणं आणि बोलणं त्यांना एका वेळी जमेना. पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले. म्हणजे ज्याचं सगळं लक्ष पाय टाकण्यातच खर्च होतं, त्याच्याकडे अडखळल्यावर सावरायला काही उरत नाही. घरी हे सहज पाहता येतं. आईबरोबर गल्लीत चालताना विचारा, परवा भाजीवाल्याकडे काय काय घेतलंस? ती थांबून सांगू लागली तर घरी गेल्यावर तोलाच्या व्यायामाचा विचार करा. म्हणून निव्वळ पायांची ताकद पुरत नाही. पाय एक करत असताना हात दुसरं करताहेत आणि तोंड तिसरं, हा मेळ शिकवावा लागतो.

असा मेळ शिकवण्याची एक रीत जिनीव्हात निघाली. एमिल जाक-दालक्रोझ तिथल्या संगीत विद्यालयात शिकवत असत. मुलांना सूर वाचता येतात, पण ताल अंगात उतरत नाही, हे पाहून त्यांनी मुलांना तालावर चालायला लावलं, पाय एका मात्रेवर आणि हात दुसऱ्या मात्रेवर. त्याची एक शिक्षणपद्धतीच झाली. शतकभरानंतर त्याच शहरातल्या डॉक्टरांनी ही पद्धत 65 च्या पुढच्या, पडण्याची शक्यता जास्त असलेल्या 134 जणांसाठी वापरून पाहिली. त्यात बहुतेक बायकाच होत्या. आठवड्यातून एक तास, सहा महिने. पियानो वाजत असताना चालायचं, ताल बदलला की पाऊल बदलायचं, वळायचं. 2011 साली निष्कर्ष छापले गेले: पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला शाळेचं अंगण दिसलं. झिम्मा आठवून पाहा. समोरासमोर दोघी. आपली टाळी, मग समोरचीची टाळी, गिरकी, जागेची अदलाबदल, आणि हे सगळं गात गात. पाय बाजूला पडतो, हात मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो, डोकं वळतं, नजर समोरचीच्या हातावर, तोंडात गाणं. तोल शिकवणाऱ्याला जे जे हवं, ते सगळं त्यात आहे. भोंडल्याच्या फेरात पाटावरच्या हत्तीभोवती बायका बाजूच्या पावलानं सरकतात. म्हाताऱ्या बायका बाजूला कोसळतात तेव्हा खुबा मोडण्याची भीती सर्वांत जास्त असते, आणि बाजूचं पाऊल हेच त्यावरचं पहिलं शिक्षण. गोव्यात पौषातल्या रात्री मांडावर धालो होतात. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि कमरेभोवती हात गुंफून पुढे येतात, मागे जातात. मागचं पाऊल! दवाखान्यात मागे पाऊल टाकायला सांगितलं की साठीची बाई घाबरून माझा दंड धरते.

मी असा दावा करत नाही की आपल्या आज्यांनी व्यायामशास्त्र म्हणून हे खेळ रचले. ते आनंदासाठी रचले, सासरच्या कोंडमाऱ्यातून श्वास घ्यायला रचले. आणि त्यांची आपल्याकडे अशी चाचणी झालेली मी पाहिली नाही, म्हणून मंगळागौरीनं पडणं इतक्या टक्क्यांनी कमी होतं असं मी कोणाला सांगणार नाही. पण त्यातली हालचाल कोणती आणि ती शरीराकडून काय काय करून घेते, हे मी पाहू शकते. एक मात्र ठामपणे सांगते: सत्तरीत एकदम फुगडी घालायला जाऊ नका. फुगडीत दोघी मागे कलून एकमेकींच्या जोरावर फिरतात. एकीचा हात सुटला तर दोघी आपटतात. गोल फिरून कानाच्या आतली खबरही काही क्षण खोटी येते. कोंबडा, बसफुगडी हे उकिडवं बसून उड्यांचे प्रकार झिजलेल्या गुडघ्यांसाठी नाहीत. झिम्मा घ्या, तोही संथ.

मी काय करून घेते ते सांगते. जागा स्वयंपाकघरातली: समोर ओटा, मागे भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची. साडी घोट्याच्या वर खोचलेली. पाय अनवाणी किंवा मागून पट्टा असलेल्या चपलेत. फरशीवर मोजे घालून नको, सरकत्या स्लिपर तर नकोच. पहिले दोन आठवडे खुर्चीतच. उजव्या हातानं डावा गुडघा, डाव्या हातानं उजवा. मग एक हात वर जाताना दुसऱ्या बाजूची टाच पुढे टेकवायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पहिल्या दिवशी निम्म्या जणींचे हात आणि पाय एकाच बाजूचे उठतात, आणि त्या हसू लागतात. मग उभं राहून, एक हात ओट्यावर ठेवून चवड्यांवर उठणं, टाचांवर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. मग डावा पाय बाजूला नि उजवा हात पुढे, आणि उलट. ओट्यावर तळवा, पुढच्या आठवड्यात नुसती बोटं, मग हात वर अधांतरी, पण ओटा वीतभरावर. त्यानंतर ओट्याच्या कडेनं टाचेला अंगठा लावत चालणं, मागे येणं, बाजूला सरकणं.

हे हलकं झालं की त्यात पाढे घालते. बेचा नको, तो आपोआप येतो. तेराचा, सतराचा. जुन्या बायकांना पावकी, निमकी, दीडकी पाठ असतात. त्या माझ्यापेक्षा पुढे जातात. कुणाला मराठी महिने उलटे म्हणायला लावते: फाल्गुन, माघ, पौष. पाऊल आणि टाळी चालू ठेवून. महिना अडला की पाऊल अडतं, हे त्यांना स्वतःला जाणवतं, आणि सहा आठवड्यांनी अडत नाही हेही जाणवतं. शेवटी दोघी समोरासमोर उभ्या करते आणि झिम्म्याची टाळी देते. तिथं मला काही शिकवावं लागत नाही. हात आठवतात.

आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास. सोडलं की गुण जातो, म्हणून महिनाभराचा कोर्स करून थांबण्यात अर्थ नाही. शंभरावर चाचण्या एकत्र करून 2019 साली जो आढावा निघाला, त्यात व्यायामानं वृद्धांचं पडणं सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं, आणि ज्या व्यायामात तोलाची खरी कसोटी लागते त्याचा त्यात मोठा वाटा होता. नुसतं चालणं चांगलंच, पण तोलासाठी त्यावर विसंबू नये. छातीत दुखत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, नव्यानं चक्कर सुरू झाली असेल, हाड अलीकडे मोडलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून वाकून झटके देऊ नका, मणका दबू शकतो. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेत असाल तर ती तोलावर परिणाम करते का, हे विचारून घ्या.

माझ्या आईनं हे सगळं केलं. पहिले दोन महिने ती माझ्यावर चिडायची. आठव्या महिन्यात एका सकाळी मी खाली आले तर ती अंगणात होती, दोरीवर माझ्या भाच्याचे मोजे अडकवत. वॉकर जोत्याला टेकवलेला. मी ‘आई, तू बस’ म्हणायला तोंड उघडलं आणि गिळलं. चिमट्यांची टोपली उचलून तिच्या शेजारी उभी राहिले.

2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या बायकांची संख्या पाच कोटींच्या वर होती. ती त्यानंतर वाढलीच आहे. यांच्यापर्यंत फिजिओथेरपिस्ट पोचणं शक्य नाही. पण त्यांच्यातल्या कितीतरी जणी भजनी मंडळात जातात, महिला मंडळात जातात, बचत गटाच्या बैठकीला जातात. तिथं बसण्याआधी वीस मिनिटं उभं राहता येईल. खुब्याची शस्त्रक्रिया करून रुग्णाला घरी पाठवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयानं गोळ्यांच्या कागदासोबत तोलाच्या व्यायामाचा कागद मराठीत, चित्रांसह द्यावा, ही माझी या व्यासपीठावरून मागणी आहे. आणि घरातल्या मुलांना, सुनांना, मुलींना विनंती: बाथरूममध्ये दांडी बसवा, रात्रीचा दिवा लावा, पायपुसणं बदला, पण आईच्या हातातलं काम काढून घेऊ नका. दोरी हवी तर वीतभर खाली बांधा.

संयोजकांनी या सभागृहामागची खोली सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता आपल्यासाठी मोकळी ठेवायचं कबूल केलं आहे. भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या असतील, फी नाही. येताना मागून पट्टा असलेली चप्पल घाला, आणि समोरासमोर टाळी द्यायला एक शेजारीण घेऊन या.